फलक उतरवणार कोण?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला की कुडाळजवळच्या आमच्या छपाईच्या दुकानात येणाऱ्या लोकांचे मागणे बदलते. वर्षभर लोक नवा फलक छापून घ्यायला येतात. या आठवड्यात जुना मागायला येतात. ‘जुनो फ्लेक्स गावतलो काय? गोठ्यार घालूक व्हयो होतो,’ असे विचारणारा शेतकरी दारात उभा असतो आणि त्याच्यामागे लाकडांच्या खोपीसाठी, पडवीला झड लागू नये म्हणून किंवा पेंढ्याच्या उडवीवर घालायला फ्लेक्स हवा असलेले आणखी दोघेतिघे असतात. पूर्वी या कामाला माडाच्या चुडतांची झापे विणली जात. झाप पावसाळा काढी, पुढच्या वर्षी कुजून माडाच्या आळ्यात जाई आणि नवे विणले जाई. आज झाप विणणारे हात कमी झाले आणि फुकट मिळणारा फ्लेक्स वाढला, त्यामुळे शाकारणीच्या सामानात तो केव्हा येऊन बसला हे आमच्या लक्षातही आले नाही.

या फुकटच्या फ्लेक्सचे पुढे काय होते, ते मी एका गोठ्यावर जवळून पाहिले आहे. दोन पावसाळे आणि मधला एक उन्हाळा गेल्यावर त्याचा मऊपणा जातो, बोटाने दाबले तरी तो कडकन मोडतो, वरचा छापील पापुद्रा खवल्यांसारखा सुटू लागतो आणि आतली धाग्यांची जाळी तेवढी वाऱ्यावर लोंबकळत राहते. सुटलेले खवले शेणात पडतात, शेण गायरीत, म्हणजे खताच्या खड्ड्यात, जाते आणि गायरीतले खत मळ्यात. त्या गोठ्याच्या मालकाने भाताच्या रोपांमधून उचललेले नखाएवढे निळे तुकडे मला दाखवले, तेव्हा ते कोणत्या वर्षीच्या, कोणत्या हॉटेलच्या जाहिरातीचे आहेत हे मी रंगावरून ओळखले, कारण ती मीच छापली होती.

गेली अठरा वर्षे मी मोठ्या मापाच्या छपाईच्या धंद्यात आहे आणि हा लेख त्या धंद्याच्या विरोधात लिहीत नाही. दुकानाला पाटी लागते, आंबा विकणाऱ्या बागायतदाराला रस्त्याकडेच्या गाडीवाल्याचे लक्ष वेधून घ्यावे लागते, तारकर्लीतल्या घरगुती निवासाला पर्यटकाला वळण दाखवावे लागते. छपाई पर्यावरणपूरक करायची म्हणजे कोणते यंत्र घ्यायचे, कोणती शाई वापरायची, कोणता ‘ग्रीन’ माल मागवायचा, अशीच चर्चा आमच्या धंद्यात होते. माझ्या मते ती चर्चा चुकीच्या टोकापासून सुरू होते. फलक किती दिवस लागणार आहे आणि तो उतरवून परत कोण आणणार आहे, हे दोन प्रश्न ऑर्डर घेतानाच विचारले गेले पाहिजेत आणि त्यांची उत्तरे कागदावर आली पाहिजेत. ती येत नाहीत तोवर यंत्रात आणि शाईत केलेल्या सुधारणांचा लाभ दुकानाच्या भिंतींपलीकडे जाणार नाही.

फ्लेक्स कशाचा बनतो, हे तो रोज वापरणाऱ्या व्यापाऱ्यालाही सहसा ठाऊक नसते. मध्ये पॉलिएस्टरच्या धाग्यांची विरळ जाळी असते, तिच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसी या प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो, त्या पापुद्र्यात लवचीकपणा यावा म्हणून तेलासारखी रसायने, भर म्हणून चुनखडीची भुकटी आणि उन्हात टिकाव लागावा म्हणून स्थिरकारके मिसळलेली असतात. यातली तेलासारखी रसायने हळूहळू निघून जातात म्हणूनच जुना फ्लेक्स कडक होतो. पीव्हीसीच्या मूळ घडणीत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते आणि हेच त्याला इतर प्लॅस्टिकपासून वेगळे करते. महामार्गावर लागतो तसा १० फूट बाय २० फुटांचा एक स्वागतफलक घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १८.६ चौरस मीटर भरते, आणि २८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २८० ग्रॅम भरणारा, साधा माल धरला तरी त्याचे वजन पाच किलोंच्या वर जाते. पाच ग्रॅमची एक याप्रमाणे प्लॅस्टिकच्या हजार पिशव्यांचे जे वजन, तेवढे या एका फलकाचे. पिशवीसाठी भाजीवालीला दंड होतो. तेवढ्याच वजनाचा फलक मात्र तिच्याच डोक्यावर विजेच्या खांबाला बांधलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी कचरा म्हणून पाहत नाही.

हा माल संपवायचा कसा, याचे समाधानकारक उत्तर आज आपल्याकडे नाही. उघड्यावर जाळला तर क्लोरीनमुळे हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो आणि कमी तापमानाच्या अर्धवट जळण्यात डायॉक्सिन ही अतिविषारी द्रव्ये तयार होतात. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांना आळा घालणाऱ्या ज्या स्टॉकहोम करारावर भारताने २००६ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली, त्या कराराच्या यादीत ही डायॉक्सिन आहेत. तरीही माळावर, नदीकाठी, शाळेच्या मागच्या खड्ड्यात फ्लेक्स जाळला जातो, कारण तो पुरला तर कुजत नाही आणि भंगारवाला घेत नाही. डांबरात मिसळून रस्त्यात घालावा, असे अनेक जण सुचवतात. वेंगुर्ले नगरपरिषदेने कचरा वेगळा करून प्लॅस्टिक रस्त्यासाठी वापरण्याचे जे काम केले त्याचा आम्हा सिंधुदुर्गवासीयांना अभिमान आहे, त्यामुळे ही सूचना आमच्याकडे चटकन केली जाते. परंतु रस्त्यासाठी प्लॅस्टिक वापरण्याविषयी रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची २०१३ ची जी मार्गदर्शिका आहे, तीत पीव्हीसी वर्ज्य ठरवले आहे. गरम डांबरात ते विघटित होऊन तोच विषारी वायू सोडते. सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळावा, तर तिलाही क्लोरीन नको असते. म्हणजे उत्तम वर्गीकरण करणाऱ्या गावातसुद्धा फ्लेक्सचा गठ्ठा बाजूलाच पडून राहणार.

पुनर्वापराचे सगळ्यांत गंभीर प्रयत्न युरोपात झाले. इटलीतल्या फेरारा येथे २००२ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात द्रावकाच्या साहाय्याने अशा मिश्र मालातून पीव्हीसी वेगळे काढले जाई. तो कारखाना २०१८ मध्ये बंद पडला. जुन्या मालातली लवचीकपणा आणणारी रसायने नव्या मालातही उतरत होती आणि युरोपातल्या रसायनविषयक नियमांत ती बसेनाशी झाली होती. जिथे भांडवल होते, तंत्र होते आणि कायदाही जागरूक होता तिथे हे घडले, म्हणून ‘रिसायकल होणारा फ्लेक्स’ असे छापलेले पत्रक घेऊन विक्रेता माझ्या दुकानात येतो तेव्हा मी त्याला एवढेच विचारतो, की वापरून झालेला हा माल तुमची कंपनी कुडाळहून परत नेईल का? आजवर कोणी ‘होय’ म्हटलेले नाही.

कायद्याकडे पाहिले तर त्याची नजर फ्लेक्सच्या अगदी जवळून जाते आणि पुढे निघून जाते. १२ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राने प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आली आणि त्या यादीत प्लॅस्टिकचे व पीव्हीसीचे बॅनरही आहेत. मात्र १०० मायक्रॉनपेक्षा पातळ असलेलेच. आमच्या दुकानांत छापला जाणारा साधा फ्लेक्स साधारणपणे याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जाड असतो. पिशवीच्या बाबतीत जाडी वाढवण्याला अर्थ आहे, कारण जाड पिशवी लोक पुन्हा वापरतात आणि भंगारवालाही उचलतो. फलकाच्या बाबतीत जाड म्हणजे केवळ अधिक कचरा, कारण त्यावरचा मजकूर जुना झाला की जाडी कितीही असली तरी तो फलक म्हणून निरुपयोगी होतो. २०२२ मध्ये उत्पादकावर कचऱ्याची जबाबदारी टाकणारी जी चौकट आली तीही प्लॅस्टिकच्या वेष्टनांपुरती आहे. फ्लेक्स हे वेष्टन नव्हे, म्हणून रोल बनवणाऱ्यावर त्यातून काही बंधन येत नाही. पीव्हीसी पाइपांमधल्या शिशाच्या स्थिरकारकांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नियम झाले. फ्लेक्सच्या रोलवर मात्र त्यात कोणती स्थिरकारके आहेत, याची एक ओळही लिहिलेली नसते, आणि तो माल आम्ही उघड्या हातांनी कापतो, जोडतो आणि शेतकऱ्याच्या गोठ्यावर पाठवतो.

शेजारच्या कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये फ्लेक्ससह प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, केरळने २०१९ मध्ये पीव्हीसी फ्लेक्सवर घातली. महाराष्ट्राने तशी स्पष्ट बंदी घातली तर मी तिच्या बाजूने उभा राहीन. तिची वाट पाहत हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही, आणि बंदी आली तरी ‘त्याऐवजी काय आणि किती दिवसांसाठी’ हा प्रश्न उरणारच आहे.

आता शाईविषयी, कारण पर्यावरणपूरक छपाई म्हटले की व्यापारी प्रथम शाईबद्दल विचारतात. मोठ्या यंत्रांवर वापरल्या जाणाऱ्या सॉल्व्हंट शाईत रंग थोडा आणि द्रावक पुष्कळ असतो. हे द्रावक, त्यांत सायक्लोहेक्झॅनोन नेहमीचे, पीव्हीसीचा पृष्ठभाग किंचित विरघळवून रंग आत रुजवते आणि मग हवेत उडून जाते. त्याने डोळे, नाक, घसा चुरचुरतो. कोकणातल्या दमट हवेत यंत्राची खोली बंद ठेवावी लागते आणि पावसाळ्यात माल वाळायलाही वेळ लागतो, म्हणजे ज्या चार महिन्यांत खिडक्या मिटलेल्या त्याच चार महिन्यांत वास अधिक काळ कोंडून राहतो. माझ्या दुकानातली मुले संध्याकाळी डोके धरून बसत, आणि त्याचे कारण मला पहिली काही वर्षे कामाचा ताण वाटे, हे मला मान्य केले पाहिजे. ‘इको सॉल्व्हंट’ या नावातला ‘इको’ फार भरवशाचा नाही. त्यात सावकाश उडणारे द्रावक असते, वास कमी येतो, पण ते द्रावकच. २००८ मध्ये बाजारात आलेल्या लेटेक्स शायांत पाण्याचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे कामगाराच्या दृष्टीने त्या निःसंशय बऱ्या, मात्र त्या वाळवायला उष्णता लागते आणि विजेचा खर्च वाढतो. अतिनील प्रकाशाने तत्काळ घट्ट होणाऱ्या यूव्ही शाईत जवळजवळ काहीच हवेत उडत नाही. पण ओली असताना ती कातडीला लागू देता कामा नये आणि दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता कामा नये. ज्याला यंत्र बदलणे परवडते त्याने ते जरूर बदलावे आणि ज्याला परवडत नाही त्याने निदान हवा बाहेर काढणारा पुरेसा पंखा व कामगारांना योग्य मुखपट्टी द्यावी. यात सवलत मागण्याचा आम्हाला अधिकार नाही. एवढे करूनही लेटेक्स शाईने छापलेला फ्लेक्स हा फ्लेक्सच राहतो, आणि गोठ्यावर त्याचे खवले तसेच सुटतात.

म्हणून मी पुन्हा दिवसांच्या हिशेबाकडे येतो. श्रावण सरत आला की मुंबई-गोवा महामार्गावर पळस्प्यापासून बांद्यापर्यंत ‘चाकरमान्यांचे सहर्ष स्वागत’ करणारे फलक लागतात. स्वागत करणाऱ्यात पुढारी असतात, तसे पतसंस्था, सराफ, मोबाईलची दुकाने, वाहनांचे विक्रेतेही असतात. घरचा गणपती दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, सात दिवसांचा. फार तर अनंत चतुर्दशीपर्यंत. चाकरमानी परतीच्या गाडीला लागला की त्या फलकाचे काम संपले. त्या अकरा दिवसांच्या कामासाठी आपण वर्षभर ऊनपाऊस सोसेल असा माल वापरतो आणि उरलेले साडेअकरा महिने तो कोणाचाच नसतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले, त्यानंतरच्या आठवड्यात मी कर्ली खाडीच्या कांदळवनात गेलो होतो. मुळांच्या जाळ्यात अडकलेल्या फ्लेक्सच्या चिंध्यांवर लग्नसमारंभ, कपड्यांचा सेल, मागच्या वर्षीचे गणपती, सगळे वाचता येत होते. त्या खाडीपासून मालवणचे सागरी अभयारण्य फार दूर नाही. ते १९८७ मध्ये जाहीर झाले, आणि त्या पाण्यात प्रवाळ आहे म्हणून पर्यटक येतात, ज्यांच्यासाठी आम्ही पुन्हा फलक छापतो. किनाऱ्यावरून रापणीचे मोठे जाळे ओढणारे लोक माशांबरोबर काय काय ओढून काढतात ते त्यांनाच विचारावे.

आठवड्यापंधरवड्याच्या कामाला कापड वापरावे, हे माझे स्पष्ट मत आहे. पण कापड म्हणजे काय, याविषयी व्यापाऱ्याची फसवणूक होऊ नये. बाजारात ‘क्लॉथ बॅनर’ म्हणून मिळणारा माल बहुधा पॉलिएस्टर असतो. तोही प्लॅस्टिकच, कुजणारा नव्हे. तरीही तो फ्लेक्सपेक्षा बरा ठरतो: त्यात क्लोरीन नाही, तो एकाच जातीचा माल आहे, आणि ११० जीएसएमचा धरला तर मघाच्या त्याच २०० चौरस फुटांच्या फलकाचे वजन पाच किलोंवरून सुमारे दोन किलोंवर येते. घडी घालून कपाटात ठेवता येतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा बाहेर काढता येतो. सभागृहातल्या, माटवाखालच्या, दुकानाच्या आतल्या कामाला सुती कापडासारखे उत्तम काही नाही. गणपती भर पावसात येतात आणि सुती कापड भिजून लोंबते, हा आक्षेप खरा आहे, म्हणून उघड्यावर भाद्रपदात पॉलिएस्टर किंवा पीव्हीसी नसलेले विणीचे पॉलिथिन वापरणे मला मान्य आहे. दर फ्लेक्सच्या दुप्पट-तिप्पट पडतो, हेही खरे. पण फ्लेक्सचा दर कमी दिसतो तो उतरवण्याचा, वाहून नेण्याचा आणि विल्हेवाटीचा खर्च त्यात धरलेला नसतो म्हणून. तो खर्च ग्रामपंचायत, खाडी आणि गोठ्याचा मालक उचलतात.

वर्षानुवर्षे टिकायच्या पाटीचा विचार उलट दिशेने करावा लागतो. तारकर्लीच्या बाजूला एक खाणावळ आहे. मालकीणबाई एका हंगामात पाच वेळा दरांचा फलक छापून घेऊन गेल्या, कारण सुरमई आणि पापलेटचा भाव लिलावात रोज बदलतो आणि जुन्या दरावर गिऱ्हाईक हटून बसते. सहाव्या वेळी त्या आल्या तेव्हा मी म्हटले, ‘काकी, ह्यो फलक छापूचो नाय, रंगवूचो.’ गावातल्या एका वयस्क पेंटरने पत्र्यावर खाणावळीचे नाव आणि एक डौलदार बांगडा काढून दिला, खाली काळ्या रंगाचा चौकोन सोडला आणि त्यावर भाव आता खडूने लिहिले जातात. चार पावसाळे झाले, पाटी तशीच आहे. एकदा कडा गंजल्या तेव्हा त्या पेंटरने खरवडून पुन्हा रंग दिला. फ्लेक्स आल्यापासून हातची अक्षरे काढणाऱ्या या माणसांना आम्हीच बेकार केले. ज्या सावंतवाडीत गंजिफा आणि लाकडी खेळणी हाताने रंगवली जातात, त्या मुलखात चांगला हात मिळणार नाही असे म्हणण्याला जागा नाही. जुन्या रंगांत शिसे असे, ही शंका रास्त आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांतल्या शिशावर नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आहे, तेव्हा नियमानुसार बनलेला रंग पाहून घ्यावा.

दुकानातल्या दुकानात वाया जाणारा मालही कमी नाही, आणि त्याची जबाबदारी सर्वस्वी आमची आहे. रोल तीन, चार, पाच, सहा, आठ, दहा फूट अशा ठरलेल्या रुंदीत येतात. गिऱ्हाईक साडेसहा फुटांची चौकट बनवून मगच आमच्याकडे येते. तो फलक आठ फुटांच्या रोलवर छापावा लागतो आणि दीड फुटाची कोरी पट्टी, म्हणजे जवळजवळ १९ टक्के माल, थेट कोपऱ्यात पडतो. लोहाराकडे जाण्याआधी एक फोन केला असता तर चौकट सहा फुटांची झाली असती. पावसाळ्यात छपाई अर्ध्यावर असताना लाईट जाते, पुन्हा सुरू केल्यावर मध्ये पट्टा दिसतो आणि पूर्ण फलक रद्द होतो. मोठी कामे पुरेशा बॅटरीशिवाय लावूच नयेत, एवढा साधा नियम पाळला तरी महिन्याला कित्येक चौरस मीटर माल वाचतो. मंडळाच्या कमानीवर वर्ष आणि प्रायोजकांची नावे वेगळ्या पट्टीवर घ्यावीत, म्हणजे कमान तीच राहून पट्टीच बदलेल. सणाच्या शुभेच्छांच्या फलकावर साल छापण्याचा आग्रह सोडावा. हे सारे गिऱ्हाइकाला समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात. आम्ही ती देत नाही, कारण आमची कमाई चौरस फुटावर असते, आणि आमच्या धंद्याचे हे दुखणे छपाईवाल्यांनीच मोकळेपणाने मान्य करायला हवे.

माझा मुख्य प्रस्ताव अनामतीचा आहे. प्रत्येक फलकावर परवानगीचा क्रमांक, छपाईवाल्याचे नाव आणि उतरवण्याची तारीख छापलेली असावी, आणि ऑर्डर घेताना चौरस फुटाला पाच रुपये अनामत घ्यावी, जी फलक परत आल्यावर लगेच मिळेल. २०० चौरस फुटांच्या फलकाला हजार रुपये होतात. दोन गडी आणि एक शिडी यांच्या मजुरीचा विचार केला तर तो फलक उतरवून आणणे कोणाला तरी परवडू लागते. मालकाने नाही आणला तर गावातला एखादा तरुण आणील. मी एकट्याने अनामत घ्यायला सुरुवात केली तर गिऱ्हाईक रस्त्यापलीकडच्या दुकानात जाईल, म्हणून ही अट नगरपंचायतीच्या आणि ग्रामपंचायतीच्या परवानगीतच असली पाहिजे. मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा आहे, बेकायदा फलकांविषयी मुंबई उच्च न्यायालयाचा जानेवारी २०१७ चा निकाल आहे. या दोन्हींमुळे परवानगीची पद्धत रुजली आहे, फक्त तिच्यात शेवटचे पान नाही. फलक लावायला अर्ज करावा लागतो. तो उतरल्याची नोंद कोठेच होत नाही.

परत आलेल्या फ्लेक्सचे करायचे काय, असे मला धंद्यातले मित्र विचारतात. मी त्यांना खोटी आशा दाखवत नाही. बचत गटांनी त्याच्या पिशव्या शिवाव्यात ही कल्पना प्रदर्शनात चांगली दिसते; परंतु त्या पिशवीत भाजी किंवा मासे ठेवावेत असे मी कोणाला सांगणार नाही, आणि टनांनी निघणारा माल पिशव्यांत संपणारही नाही. धड तुकडे कडा शिवून शेतकऱ्याला द्यावेत, पण एका पावसाळ्याच्या बोलीवर आणि परत आणण्याच्या अटीवर, खवले सुटायच्या आत. उरलेल्याचे गठ्ठे बांधून वजन करून ठेवावे. आमचे रोल कोल्हापूरकडून आणि मुंबईकडून येतात. माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीत ते गठ्ठे पुरवठादाराने परत न्यावेत, हा आग्रह जिल्ह्यातले छपाईवाले एकत्र येऊन धरू शकतात, कारण आम्ही सारे एका सभागृहात मावू इतकेच आहोत आणि आमची मागणी थांबली तर पुरवठादाराला ती जाणवेल. वेष्टनांसाठी उत्पादकाची जबाबदारी सरकारने मान्य केली आहे. फ्लेक्ससाठी ती मागायची तर हातात वजनाचे आकडे हवेत, आणि ते आकडे परत आलेल्या गठ्ठ्यांतूनच मिळतील.

गेल्या वर्षापासून माझ्या दुकानाच्या नोंदवहीत मी ‘उतरवण्याची तारीख’ असा एक रकाना आखला आहे. त्या तारखेला गिऱ्हाइकाला फोन जातो. काही जण फलक आणून देतात, काही ‘बघू’ म्हणतात. मागच्या भाद्रपदातल्या सात फलकांपुढचा रकाना अजून कोरा आहे. त्यांतले तीन कोठे आहेत ते मला दुकानाकडे येता-जाता रोज दिसते; एकाचा खालचा कोपरा सुटून तो तारांवर आपटतो आहे आणि पाऊस तोंडावर आला आहे. ते स्वतः उतरवण्याची माझी तयारी आहे. मुदत संपलेला फलक ज्याने छापला त्याला उतरवण्याचा अधिकार असावा, एवढी एक ओळ परवानगीच्या अर्जात घालावी, असे पत्र मी या आठवड्यात नगरपंचायतीला देत आहे.